कांदाकाढणीत आलेला पेपर

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत एप्रिल-मे म्हणजे उसंत नसलेले महिने. उन्हाळी कांदा काढायचा, पात कापायची, निवडून चाळीत भरायचा. बाजार बरा असेल तर पिशव्या भरून मंचरला, ओतूरला किंवा आळेफाट्याला पाठवायच्या. टोमॅटो असेल तर नारायणगावचा बाजार गाठायचा. चैत्र लागला की गावोगावच्या यात्रा सुरू होतात, घाटात बैलगाडे धावतात, नारायणगावात राहुट्या टाकून बसलेले तमाशाचे फड सुपाऱ्या घेऊन गावांकडे निघतात. लग्नाच्या तिथीही याच दिवसांत. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात, आहुपे-भीमाशंकरच्या बाजूला आणि नाणेघाटाकडच्या गावांत, आदिवासी कुटुंबं बाळहिरडा गोळा करत असतात. वर्षभरात हातात येणाऱ्या रोख पैशातला मोठा वाटा त्यांना याच आठवड्यांत मिळवायचा असतो. आणि नेमकी याच दिवसांत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची सत्रपरीक्षा येते.

जुन्नरचं श्री शिवछत्रपती महाविद्यालय, ओतूरचं अण्णासाहेब वाघिरे, मंचरचं अण्णासाहेब आवटे, घोडेगावचं बी. डी. काळे, अवसरीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय. इथे पेपरला बसणारी कितीतरी मुलं-मुली सकाळी गोठ्यातलं किंवा शेतातलं काम उरकून आलेली असतात. हिवाळी सत्राचंही फारसं वेगळं नाही. तेव्हा पश्चिमेला भातकापणी असते, पूर्वेला कांद्याची लागवड असते आणि विघ्नहर व भीमाशंकर या साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झालेला असतो.

परीक्षेच्या ताणावर जे लिहिलं-बोललं जातं त्यात एक विद्यार्थी गृहीत धरलेला असतो. त्याला स्वतःची खोली असते, टेबल असतं, दार लावून घेता येतं आणि घरात त्याच्याकडून अभ्यासाशिवाय कसलीच अपेक्षा नसते. त्या सल्ल्यातलं निम्मं आपल्याकडच्या घरांत लागूच पडत नाही. म्हणून आधी ताण म्हणजे शरीरात काय होतं आणि पाठ केलेलं ऐन पेपरात का आठवत नाही, हे समजून घेऊ. मग ज्याला टेबल नाही, शांतता नाही आणि अख्खा दिवस मोकळा मिळत नाही, त्याच्या हाती काय उरतं ते पाहू. माझ्या मते त्याच्या हाती बरंच काही उरतं. त्यातली सर्वांत कामाची गोष्ट आहे अभ्यासाची रीत बदलणं. ध्यान, संगीत, सुट्टी हे सगळं त्यानंतर येतं.

ताणाचं शरीरशास्त्र समजायला आपल्याला लांबचं उदाहरण लागत नाही. जिथे अजून रात्रीच्या पाळीची वीज आहे तिथे कांद्याला पाणी द्यायला माणूस अंधारात जातो. शेजारच्या उसात सळसळ होते. बिबट्या डोळ्यांना दिसायच्या आधीच छाती धडधडायला लागते, तळहात ओले होतात, तोंडाला कोरड पडते, पोटात गोळा येतो. मेंदूतल्या अमिग्डला नावाच्या छोट्या भागाने धोका ओळखलेला असतो. तिथून निघालेला निरोप मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचतो आणि काही क्षणांत ॲड्रेनलिन रक्तात उतरतं. रक्त पचनाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं. मागून कॉर्टिसॉल येतं. त्याची चाल सावकाश असते. चढायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि उतरायला त्याहून जास्त वेळ लागतो. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली या साऱ्या बदलांचं वर्णन केलं आणि त्याचं प्रयोजन सांगितलं, ते म्हणजे लढा किंवा पळा. पुढे १९३६ साली माँट्रियलमध्ये हान्स सेली यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की त्रास थंडीचा असो, जखमेचा असो की विषाचा, शरीराचं उत्तर बरंचसं एकाच धाटणीचं असतं.

पेपर हातात आल्यावर जी धडधड होते ती हीच. शरीराकडे बिबट्यासाठी एक आणि गणितासाठी दुसरी अशी वेगळी यंत्रणा नाही. फरक इतकाच की उसाच्या बांधावरून पळता येतं, परीक्षेच्या बाकावर तीन तास बसून राहावं लागतं. जी ताकद पायांसाठी गोळा झाली ती वापरलीच जात नाही, आणि मग हात थरथरतात, पोट बिघडतं, दर दहा मिनिटांनी लघवीला जावंसं वाटतं. हे कमजोर मनाचं लक्षण नाही. निरोगी शरीर धोका ओळखून कामाला लागलं, एवढाच त्याचा अर्थ.

ही धडधड पूर्ण घालवायचीही गरज नसते. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ साली उंदरांना विजेचे सौम्य-तीव्र झटके देऊन शिकण्याचा वेग मोजला. काम अवघड असेल तेव्हा झटका मध्यम असताना उंदीर लवकर शिकले आणि तीव्र झटक्यांत मागे पडले. माणसांच्या परीक्षेला हा नियम जसाच्या तसा लावणं थोडं ढोबळ होईल, पण अनुभवाशी तो जुळतो. पेपरची काहीच फिकीर नसलेला मुलगा पुस्तक उघडत नाही, आणि फार धास्तावलेल्याला उघडलेल्या पुस्तकातलं काही दिसत नाही.

खरं नुकसान करणारी गोष्ट वेगळीच आहे. १९६७ साली लिबर्ट आणि मॉरिस या दोन मानसशास्त्रज्ञांनी परीक्षेच्या भीतीचे दोन भाग पाडले. एक शरीराचा, म्हणजे धडधड, घाम, थरथर. दुसरा मनातल्या बोलण्याचा, म्हणजे ‘मला येणार नाही’, ‘केटी लागली, विषय राहिला तर घरी काय सांगू’, ‘बाकीच्यांनी पुरवणी घेतली, माझं अजून दुसरं पान’. गुणांवर जास्त परिणाम होतो तो या दुसऱ्या भागाचा. त्याचं कारण साधं आहे. एका वेळी मनात धरून ठेवता येतील अशा गोष्टी फार थोड्या असतात, चार-पाच म्हणा. प्रश्न वाचायचा, सूत्र आठवायचं, आकडे घालायचे, मधलं उत्तर लक्षात ठेवायचं, हे सगळं त्याच अपुऱ्या जागेत चालतं. काळजी तिथेच येऊन बसली तर गणिताला जागा उरत नाही. हात थरथरत असताना पेपर उत्तम लिहिता येतो, पण मनात घराचा हिशोब चालू असताना येत नाही.

आणि घराचा हिशोब आपल्याकडे परीक्षेतही चालूच असतो. कांद्याची पट्टी किती आली, त्यातून आडत, हमाली, गाडीभाडं वजा जाऊन हातात काय राहिलं, हे घरातल्या विद्यार्थ्याला माहीत असतं. आपली फी आणि खोलीचं भाडं त्यातूनच निघतं, हेही त्याला ठाऊक असतं. शहरातल्या समुपदेशकाने त्याला ‘फार विचार करू नकोस’ म्हणून सांगणं अपुरं आहे, कारण तो ज्याचा विचार करतो आहे ते खरं आहे.

आता ‘ब्लँक’ होण्याबद्दल. रात्रभर वाचलेलं उत्तर पेपरात आठवत नाही आणि बाहेर पडून एसटी स्टँडवर पोचेपर्यंत सगळं आठवतं, हा अनुभव इतक्यांना येतो की त्याला दैव मानलं जातं. ते दैव नाही. कॉर्टिसॉल वाढलेलं असताना मेंदू नव्या धोक्याची नोंद पक्की करतो, पण जुनं साठवलेलं बाहेर काढण्याचं काम तेवढ्यापुरतं मंदावतं. साठवण शाबूत असते. काढण्याची वाट अडलेली असते. म्हणून ताण ओसरला की उत्तर परत येतं.

ही वाट अडू नये म्हणून काही करता येतं का, हा प्रश्न अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी घेतला, आणि २०१६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचं उत्तर प्रसिद्ध केलं. १२० विद्यार्थ्यांना काही शब्द किंवा चित्रं पाठ करायला दिली. निम्म्यांनी ती पुन्हा पुन्हा पाहिली. उरलेल्यांनी एकदा पाहून पुढचा वेळ न बघता आठवून लिहिण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी दोन्ही गटांतल्या काहींना मुद्दाम ताण दिला. परीक्षकांसमोर आयत्या वेळी भाषण करायचं, वर तोंडी गणितं सोडवायची. नंतर पाठ केलेलं विचारलं. ज्यांनी फक्त वाचलं होतं त्यांची ताणाखाली घसरण झाली. ज्यांनी आठवून पाहिलं होतं त्यांना ताण तेवढाच आला होता, पण त्यांची आठवण ढळली नाही. ताणात असूनही ते ताण न दिलेल्या वाचकांपेक्षा पुढे राहिले.

परीक्षेच्या ताणाबद्दल मला ठाऊक असलेल्या साऱ्या संशोधनात हा प्रयोग सर्वांत आशा देणारा वाटतो. घरची परिस्थिती बदलणं मुलाच्या हातात नसतं, धडधड थांबवणं नसतं, पेपर कसा निघेल तेही नसतं. अभ्यास वाचून करायचा की आठवून करायचा, एवढं मात्र त्याच्या हातात असतं, आणि तेवढ्याने ताण आला तरी उत्तर हाताशी राहतं.

वाचण्यात एक फसवणूक आहे. तिसऱ्यांदा वाचलेलं पान ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटतं म्हणून येतंय असं वाटतं. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली हे मोजलं. एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून एकदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांकडे ४२ टक्के उरलं होतं, आठवून लिहिणाऱ्यांकडे ५६. पेपरच्या आदल्या रात्री वाचणाऱ्याला आपलं बरं चाललंय असं का वाटतं, ते या पहिल्या पाच मिनिटांच्या आकड्यात आहे.

कृती अगदी साधी आहे. एक मुद्दा वाचा, वही मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मग वही उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगाने भरा. दुसऱ्या रंगाचंच परत करा. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळतात. त्या नुसत्या चाळू नका, घड्याळ लावून सोडवा. निदान एक पेपर तरी पूर्ण वेळ बसून, खऱ्या परीक्षेच्या वेळेलाच.

आणि इथे शेतकऱ्याच्या घरातल्या विद्यार्थ्याची एक जमेची बाजू निघते, जी फारशी कोणी सांगत नाही. वाचायला उजेड लागतो, बैठक लागते, मोकळे हात लागतात. आठवायला यातलं काहीच लागत नाही. कांद्याची पात कापताना हात गुंतलेले असतात, डोकं गुंतलेलं नसतं. सकाळी अर्ध्या तासात एका धड्याचे पाच मुद्दे वाचून घेतले, तर पुढचे दोन तास ते मनात एकेक करून उभे करता येतात. अडलं की अडलेलं लक्षात ठेवायचं आणि जेवणाच्या सुट्टीत वही उघडून पाहायचं. धाकटी बहीण वही धरून प्रश्न विचारत असेल तर फारच उत्तम, तिला विषय कळायची गरज नाही. आहुप्याकडून घोडेगावला किंवा इंगळूण-आपटाळ्याकडून जुन्नरला येणाऱ्या मुलांना एसटीचा प्रवास हीच आठवण्याची जागा करता येते. शेतातला वेळ अभ्यासातून वजा झाला म्हणून जी रुखरुख लागते, ती यातून पुष्कळ कमी होते.

दुसरी गोष्ट वेळ विभागण्याची. कुकडी प्रकल्पाच्या आवर्तनावर शेती करणाऱ्याला हे सांगायला नको. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे या धरणांत पाणी कितीही असलं, तरी कांद्याला हंगामाचं सगळं पाणी एका रात्रीत देऊन भागत नाही. वाफा तुडुंब भरतो, पाणी वाहून जातं आणि आठवड्याने माती पुन्हा भेगाळते. अभ्यासाचंही असंच आहे. हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून त्यांचं विसरणं मोजलं आणि १८८५ साली प्रसिद्ध केलं. एका दिवसातच पाठांतराचे सुमारे दोन तृतीयांश कष्ट वाया गेलेले असत. अर्थ असलेला मजकूर इतक्या वेगाने विसरत नाही, पण उतार तसाच असतो. आज केलेला धडा परवा, मग आठवड्याने, मग पेपरच्या आधी, असा तीन-चार पाळ्यांत थोडा थोडा आठवला तर तेवढ्याच एकूण तासांत कितीतरी पक्का होतो. सलग सहा तास ज्याला मिळतच नाहीत, त्याच्यासाठी ही सोयीची गोष्ट आहे. चाळीस-चाळीस मिनिटांचे तुकडे तर कोणालाही मिळतात.

भाषेचं ओझं वेगळं. दहावी-बारावीपर्यंत मराठीतून शिकलेलं मूल विज्ञान किंवा अभियांत्रिकीला गेलं की एकदम इंग्रजी प्रश्नपत्रिकेसमोर बसतं, आणि ताणात परकी भाषा आधी निसटते. अशा मुलांनी संकल्पना आधी मराठीत, घरच्या भाषेत, स्वतःला समजावून सांगावी. ‘हे का होतं’ याचं उत्तर मराठीत देता आलं की मग त्यातल्या दहा-बारा इंग्रजी संज्ञा आणि उत्तराची पहिली दोन वाक्यं लिहून पक्की करावीत. उलट क्रमाने, न कळलेली इंग्रजी वाक्यं घोकून गेलं, की एक शब्द विसरल्यावर अख्खा परिच्छेद जातो.

झोपेबद्दल मात्र तडजोड नको. १९२४ सालीच कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांनी दाखवलं होतं, की पाठ करून झोपलेल्यांना जागं राहिलेल्यांपेक्षा जास्त आठवतं. झोपेत, विशेषतः गाढ झोपेत, मेंदू दिवसाचं शिकलेलं पक्कं करतो, हे नंतरच्या संशोधनाने पुष्कळ तपशिलात मांडलं. आदल्या रात्री जागून वाचलेली पन्नास पानं आधी केलेल्या दोनशे पानांच्या किमतीत येतात. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, तेव्हा रात्री अकराचा चहा पहाटे चारलाही अंगात असतो. झोप मोडणारा यात्रेचा स्पीकर ही तर गावाने मिळून सोडवायची गोष्ट आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई करतात. राज्याने सूट दिलेले मोजके दिवस सोडले तर परीक्षा चालू असलेल्या गावात हा नियम पाळण्यात यात्रेचं काही उणं होत नाही.

परीक्षेत तोंड येणं, सर्दी होणं, अंगावरचं खरचटलेलं लवकर न भरणं, हे सगळं मनाचे खेळ म्हणून उडवून लावू नये. ओहायोमध्ये १९९८ साली दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर सारखीच बारीक जखम दोनदा केली, एकदा सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर. परीक्षेतली जखम भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला. तेव्हा भाकरी, उसळ, ताक चालू ठेवावं, उन्हात हिंडून आल्यावर पाणी प्यावं, आणि रोज थोडं अंग हलवावं. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी मुलं अनेकदा बी. ए.चे पेपरही देत असतात. परीक्षेत त्यांनी धावणं बंद करू नये, थोडं कमी करावं.

प्रत्यक्ष पेपरात धडधड वाढली तर श्वास हा एकच लगाम आपल्या हातात असतो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ द्यावा. स्टॅनफर्डच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रोज पाच मिनिटं असा लांब उच्छ्वास महिनाभर करणाऱ्यांचं मन जास्त प्रसन्न राहिलं. हा सराव घरी आधी केलेला असावा, बाकावर बसून पहिल्यांदा शिकता येत नाही. मग पूर्ण प्रश्नपत्रिका एकदा वाचून, येणाऱ्या प्रश्नाने सुरुवात करावी. पहिली दहा मिनिटं लिहीत राहिलं की कॉर्टिसॉल असलं तरी मन कामात अडकतं.

परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली काळजी कागदावर लिहून काढली तर गुण सुधारतात, असा २०११ सालचा एक गाजलेला निष्कर्ष आहे. तो पुन्हा तपासला गेला तेव्हा, २०१८ साली, तसा फायदा आढळला नाही. ज्याला लिहून हलकं वाटतं त्याने जरूर लिहावं, पण त्यावर भिस्त ठेवू नये. पेपर झाल्यावर उत्तरं जुळवत बसणं मात्र निश्चित टाळावं. जमा झालेले गुण त्याने वाढत नाहीत आणि परवाच्या पेपरची झोप जाते.

आता थोडं घरच्यांशी. परीक्षेचं वेळापत्रक आलं की ते भिंतीवर लावा, आणि कांद्याची काढणी, लग्नं, यात्रा यांच्या तारखा त्याच्याच शेजारी लिहा. दोन्ही एकत्र दिसले की बरीच भांडणं होण्याआधीच मिटतात. कामातून मुलाला पूर्ण सोडवा असं मी म्हणत नाही. कष्ट करणाऱ्या घरात सगळे राबत असताना एकट्याने पुस्तक घेऊन बसण्यातही मुलाला अपराधी वाटतं. पण प्रत्येक पेपरच्या आदली दुपार, संध्याकाळ आणि रात्र त्याची, हे ठरवून टाका. रात्रीच्या पाण्याची पाळी त्या दिवशी दुसऱ्याने घ्यावी. गरज पडली तर मजूर लावावा. एका दिवसाची मजुरी आणि राहिलेल्या विषयाचा पुढच्या अर्ध्या वर्षाचा ताण, यांत स्वस्त काय ते उघड आहे.

पैशाची गोष्ट मुलांपासून लपवू नका. त्यांना अंदाज असतोच, आणि अंदाज नेहमी खऱ्यापेक्षा वाईट असतो. या वर्षीची फी कुठून येणार हे आई-वडिलांनी दोन वाक्यांत सांगून टाकलं, तर पेपरात मनातली तेवढी जागा मोकळी होते. मुलींच्या बाबतीत आणखी एक. ‘या वेळी सुटली नाहीस तर लग्नाचं बघू’ हे वाक्य कित्येक घरांत सहज म्हटलं जातं. म्हणणाऱ्याला ते प्रोत्साहन वाटतं. तिच्यासाठी तो उसातला बिबट्या असतो आणि तो तीन तास तिच्या बाकाशेजारी बसून राहतो. हे वाक्य बोलू नये. त्या घरी पाहुणे बघायला यायचे असतील तर तेही परीक्षा संपल्यावर यावेत.

विषय राहिला तर काय होतं, हे परीक्षेच्या आधीच शांतपणे समजून घेणं चांगलं. केटी घेऊन बहुधा पुढच्या वर्गात जाता येतं, राहिलेला विषय पुन्हा देता येतो, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन मागता येतं. नियम अभ्यासक्रमागणिक वेगळे आहेत, म्हणून मित्राच्या ऐकीव माहितीवर न जाता परीक्षा विभागात जाऊन विचारावं. अगदी वर्ष गेलं तरी पदवी गेलेली नसते. भीतीला जेव्हा नेमका आकार मिळतो तेव्हा ती सहसा लहान निघते.

काही वेळा मात्र जे दिसतं ते परीक्षेच्या ताणाच्या पलीकडचं असतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप आणि भूक उडालेली, कशातच मन न लागणं, मित्रांना टाळणं, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ अशी भाषा, आवडत्या वस्तू देऊन टाकणं. हे दिसलं तर ‘परीक्षा झाली की ठीक होईल’ म्हणून वाट पाहू नका. जवळ बसून विचारा, जीव द्यावासा वाटतो का असंही सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलण्याची वाट मोकळी होते. फवारणीची औषधं एरवीही कुलपात असावीत, या दिवसांत तर नक्कीच, आणि किल्ली मोठ्यांकडे असावी. अशी टोकाची घडी बहुतेकदा थोड्या वेळाची असते आणि तेवढा वेळ जीवघेणी वस्तू हाताशी नसणं माणसाला वाचवतं, हे जगभर दिसून आलं आहे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक. दिवसरात्र, मोफत, मराठीतूनही बोलता येतं. फोन विद्यार्थ्याने स्वतः करावा, किंवा त्याच्या मित्राने, वडिलांनी, वसतिगृहातल्या गृहपालांनी करावा. गावातले रोजचे डॉक्टर ही पहिली पायरी म्हणून चालतात, पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं ते सांगतील. मनाच्या आजाराला औषध आणि उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

महाविद्यालयांनी करण्यासारखं बरंच आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही. परीक्षेच्या महिन्यात ग्रंथालयाची अभ्यासिका रात्री नऊपर्यंत उघडी ठेवता येईल, मुलींना शेवटच्या एसटीची वेळ सांभाळता येईल अशा बेताने. डोंगरपट्ट्यातून येणाऱ्या ज्या मुलांना वसतिगृह मिळालेलं नाही, त्यांना सकाळच्या पेपरच्या आदल्या रात्री तिथे मुक्काम देता येईल, म्हणजे पहिली गाडी चुकण्याची धास्ती उरणार नाही. शिक्षकांना तासाची शेवटची दहा मिनिटं वह्या मिटवून आठवून लिहायला देता येतील. आणि वेळापत्रक. यात्रेची तारीख तिथीने ठरते, ती गावाला वर्षभर आधी माहीत असते. लग्नाची तारीख दोन-तीन महिने आधी धरली जाते. कांदा कधी काढायला येईल हे लागवडीच्या दिवशीच शेतकरी सांगू शकतो. या सगळ्यांत उशिरा येते ती परीक्षेची तारीख, आणि ती दोन महिने आधी पक्की कळली तर बाकीचं गाव आपल्या तारखा तिच्या बाजूने सरकवू शकतं.